‘फायदा घेणे’ या अर्थाचे इंग्रजी वाक्प्रचार: कौतुक कुठे आणि ठपका कुठे?

प्रश्न: अर्थछटा

नमस्कार. मी इंग्रजी वैचारिक लेखनाचा मराठी अनुवाद करते. माणसांचा किंवा परिस्थितीचा फायदा घेण्याविषयी इंग्रजीत वाक्प्रचारांची रेलचेल आहे. मात्र कोश उघडला की ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’, ‘कॅश इन ऑन’, ‘राइड ऑन समवन्स कोटटेल्स’, ‘टेक समवन फॉर अ राइड’ या सर्वांपुढे थोड्याफार फरकाने ‘फायदा घेणे’ किंवा ‘संधी साधणे’ एवढेच लिहिलेले सापडते. मराठीत ‘गैर’ हा उपसर्ग हाताशी असल्यामुळे फायदा आणि गैरफायदा यांच्यातील सीमारेषा आपल्याला एका अक्षरजोडीत आखता येते. इंग्रजीत ‘टेक ॲडव्हान्टेज ऑफ’ हा एकच प्रयोग सवलतीच्या जाहिरातीतही असतो आणि विश्वासघाताच्या हकिगतीतही असतो.

सध्या माझ्यासमोर असलेल्या निबंधात एका व्यापाऱ्याचे वर्णन आहे. त्याने सुरुवातीला ‘लोखंड तापलेले असताना घाव घातला’, पुढे तो ‘गढूळ पाण्यात मासे धरू लागला’ आणि अखेरीस त्याने आपल्या भागीदाराला ‘कॅट्स पॉ’, म्हणजे मांजराचा पंजा बनवले, असे लेखक क्रमाने म्हणतो. दोषारोप पायरीपायरीने वाढत गेला आहे असे मला जाणवते, पण ते नेमके कशावरून जाणवते हे सांगता येत नाही. असा वाक्प्रचार स्तुतीचा आहे की निंदेचा, हे ओळखण्याची काही विश्वासार्ह कसोटी आहे का? आणि मांजराचा पंजा मराठीत तसाच ठेवावा का?

प्रतिसाद: मुद्रितशोधक

कसोटी क्रियापदात शोधू नये, कर्मात शोधावी, असे माझे मत आहे. ‘यूज’ हे अगदी निरुपद्रवी क्रियापद आहे. हातोडी वापरा, वेळ वापरा, अनुभव वापरा, कोणाचीच हरकत नसते. त्याच क्रियापदापुढे माणूस येऊन ‘ही यूज्ड मी’ असे वाक्य झाले, की ती तक्रार होते. ‘एक्सप्लॉइट’चेही तसेच आहे. खाण किंवा बाजारातील संधी यांच्या बाबतीत तो शब्द तटस्थ राहतो, आणि कामगारांच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ शोषण असा होतो. ‘प्ले’ आणि ‘मिल्क’ ही क्रियापदेही कर्म बदलताच रंग बदलतात.

‘टेक ॲडव्हान्टेज ऑफ’ या प्रयोगाला हीच कसोटी लावून पाहावी. कर्माच्या जागी सवलत, सुट्टी, चांगले हवामान किंवा ग्रंथालय असेल, तर मराठीत ‘लाभ घेणे’ म्हणावे. तेथे व्यक्ती असेल, तर बहुतेक ठिकाणी ‘गैरफायदा घेणे’ म्हणावे लागते. जुन्या कादंबऱ्यांत स्त्रीच्या संदर्भात हा प्रयोग जबरदस्तीचे सौम्य नाव म्हणूनही येतो, आणि तेथे अनुवादकाने सौम्यपणा किती ठेवायचा हा गंभीर प्रश्न असतो.

फसवणूक होते ती मधल्या जागी. चांगुलपणा, विश्वास, अज्ञान, आदरातिथ्य या व्याकरणाच्या दृष्टीने वस्तू आहेत, परंतु त्यांच्या मागे माणूस उभा असतो. ‘आय डोन्ट वॉन्ट टु टेक ॲडव्हान्टेज ऑफ युअर काइंडनेस’ हे वाक्य ‘मला आपल्या दयाळूपणाचा लाभ घ्यायचा नाही’ असे अनुवादित झालेले मी पाहिले आहे. त्यात तुसडेपणा येतो. बोलणाऱ्याला ‘आपल्या चांगुलपणाचा गैरफायदा घेतल्यासारखे व्हायला नको’ असे म्हणायचे असते, आणि ती नम्रता असते.

प्रतिसाद: कोशकीटक

वरील कसोटी उपयोगी आहे. तिला मी वाक्प्रचारातील चित्राची जोड देईन, कारण या चित्रात नुकसान कोणाचे होते, हे पाहिले की बराचसा उलगडा होतो.

‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ हे जॉन हेवुड याच्या १५४६ सालच्या म्हणींच्या संग्रहात आहे. कापलेले गवत कोरड्या उन्हात वाळले नाही तर कुजते, म्हणून ऊन आहे तोवर शेतकऱ्याने राबावे, एवढाच तिचा आशय आहे. यात कोणाचेच काही जात नाही. सूर्याचे ऊन कमी होत नाही आणि शेजाऱ्याचेही गवत वाळायचे थांबत नाही. ‘स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट’ याहून जुने आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसर याच्या लेखनात ते येते. तेथेही लोहार, लोखंड आणि वेळ यांपलीकडे चौथे कोणी नाही. या दोन्हींमध्ये उद्यमशीलतेचा गौरव आहे.

आता मराठीकडे पाहावे. ‘तवा तापला आहे तोवर पोळी भाजून घेणे’ हे चित्र जवळजवळ तेच आहे, आणि तरीही ‘त्याने आपली पोळी भाजून घेतली’ असे आपण कोणाच्या कौतुकासाठी म्हणत नाही. ‘वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे’ यालाही थोडा आंबूस वास आहे. चित्र जुळले म्हणून सूर जुळेलच असे नाही. द्वैभाषिक कोशांत या जोड्या बिनदिक्कत समोरासमोर बसवलेल्या असतात, त्याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

‘गिव्ह हिम ॲन इंच अँड ही विल टेक अ माइल’ हेही हेवुडच्या संग्रहात आहे, पण तेथे मैलाऐवजी ‘एल’ आहे. एल हे कापड मोजण्याचे माप होते आणि इंग्लंडमध्ये ते ४५ इंचांचे असे. म्हणजे १५४६ साली लोभी माणूस दिल्याच्या ४५ पट घेत होता. मैल आल्यावर तो ६३,३६० पट घेऊ लागला. भाषेतील चलनवाढ म्हणतात ती हीच असावी. आपले ‘बोट दिले तर हात धरणे’ त्या मानाने फारच संयमी आहे.

‘फ्लीस’ म्हणजे लोकर, आणि क्रियापद म्हणून लोकर कातरणे. त्यावरून एखाद्याला नागवणे असा अर्थ आला. हे रूपक रोमन काळातही चालत असे. प्रांतांवर भारी कर लादावेत असे सुचवणाऱ्या अधिकाऱ्यांना सम्राट टायबेरियसने, ‘चांगला मेंढपाळ कळपाची लोकर कातरतो, कातडे सोलत नाही,’ असे कळवल्याचे रोमन चरित्रकार स्वेटोनियसने नोंदवले आहे. फायदा किती घेतला म्हणजे तो अन्याय होतो, याचे मोजमापच त्या उत्तरात आहे. इंग्रजी ‘फ्लीस’मधून मात्र हा संयम निघून गेला, तेथे कातरणे म्हणजेच लुबाडणे.

कॅट्स पॉ हे सर्वांत रसाळ प्रकरण आहे. माकड आणि मांजर शेकोटीजवळ बसलेले असतात आणि निखाऱ्यांत चेस्टनट (भाजून खायचे एक कवचाचे फळ) भाजत असतात. माकड मांजराची स्तुती करते. मांजर राख बाजूला सारून पंजाने एकेक फळ बाहेर काढते आणि माकड ते तत्काळ खाऊन टाकते. इतक्यात मोलकरीण येते आणि दोघेही पळतात. ला फोंतेनच्या १६७९ सालच्या फ्रेंच पद्यकथेत माकडाचे नाव बर्त्राँ आणि मांजराचे रातों असे आहे. गोष्ट त्याच्याही आधीची आहे. यातून इंग्रजीला दोन वाक्प्रचार मिळाले: ‘कॅट्स पॉ’ म्हणजे दुसऱ्याच्या हातातील साधन बनलेला माणूस, आणि ‘पुल द चेस्टनट्स आउट ऑफ द फायर’ म्हणजे दुसऱ्यासाठी स्वतःचा हात भाजून घेणे. गंमत अशी की, आजच्या फ्रेंचमध्ये ‘निखाऱ्यातून चेस्टनट काढणे’ हे अनेकदा उलट अर्थाने, म्हणजे स्वतः लाभ उठवणे या अर्थाने वापरले जाते. मांजराचे श्रेय तेथेही माकडानेच पळवले!

कथेतील हे मांजर अमेरिकेच्या न्यायालयातही पोहोचले आहे. नोकरीतील भेदभावाच्या खटल्यांत ‘कॅट्स पॉ’ हा सिद्धांत १९९० पासून त्या नावाने ओळखला जातो, आणि २०११ साली स्टॉब विरुद्ध प्रॉक्टर हॉस्पिटल या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निर्णय दिला. स्टॉब हा लष्कराच्या राखीव दलात होता आणि ते कर्तव्य त्याच्या वरिष्ठांना खुपत असे. त्याला कामावरून काढण्याचा आदेश मात्र दुसऱ्याच अधिकाऱ्याने दिला होता, ज्याच्या मनात असा आकस असल्याचे कोणी म्हणत नव्हते. ज्याने सही केली तो पंजा, आणि ज्यांनी कान भरले ते माकड. अशा स्थितीतही संस्थेवर जबाबदारी येऊ शकते, असे न्यायालयाने ठरवले.

प्रतिसाद: तळटीप

दोन्ही प्रतिसाद वाचनीय आहेत, परंतु ‘माणूस कर्म असेल तर निंदा’ हा नियम मला फार सरळसोट वाटतो. खेळात तो लागू पडत नाही. टेनिसमध्ये ड्यूसनंतरचा (४०-४० अशा बरोबरीनंतरचा) गुण जिंकणाऱ्याला ‘ॲडव्हान्टेज’ मिळतो. फुटबॉलमध्ये नियम मोडला गेल्यावरही ज्या संघावर अन्याय झाला त्याचा लाभ होत असेल, तर पंच खेळ चालू ठेवतात, आणि त्यालाही ॲडव्हान्टेज देणे असेच म्हणतात. प्रतिस्पर्ध्याचा दुबळा बॅकहँड हेरून खेळाडू त्याच बाजूला मारा करत राहिला, तर समालोचक ‘ही इज एक्सप्लॉइटिंग हिम’ असे कौतुकानेच म्हणतो. येथे कर्म हाडामांसाचा माणूस आहे, पण त्याने स्वखुशीने स्पर्धेत पाऊल टाकलेले आहे. ज्याचा फायदा घेतला जातो तो या खेळात स्वेच्छेने आणि डोळे उघडे ठेवून उतरला आहे का, हा खरा प्रश्न असावा.

उलट बाजूने, ज्यांचे कर्म केवळ परिस्थिती आहे असे कितीतरी वाक्प्रचार निंदाव्यंजक आहेत. ‘फिश इन ट्रबल्ड वॉटर्स’ म्हणजे इतरांच्या गोंधळात आपला लाभ पाहणे. ‘कॅश इन ऑन’ हे एखाद्याच्या मृत्यूनंतर त्याच्या नावावर पैसे कमावणाऱ्यांबद्दल हमखास येते. ‘मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे’ त्याहून जहाल असले तरी त्याच कुळातले आहे. अपघातग्रस्तांच्या मागे लागून खटले मिळवणाऱ्या वकिलाला अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘ॲम्ब्युलन्स चेसर’ म्हणतात. या सर्वांत परिस्थितीच्या पोटात कोणाचे तरी दुःख आहे, आणि ठपका त्यामुळे येतो.

माझा मुख्य मुद्दा निराळा आहे: हे वाक्य बोलतो कोण? स्वतःविषयी बोलताना माणूस ‘आय मेड द मोस्ट ऑफ इट’ म्हणतो, आणि त्याच कृत्याविषयी त्याचा शेजारी ‘ही कॅश्ड इन’ म्हणतो. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय यंत्रणेतील जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट याचे उदाहरण पाहावे. शहरात नवे उद्यान कोठे होणार हे त्याला आतून आधीच समजत असे; तो तेथील जमीन स्वस्तात घेऊन ठेवी आणि नंतर चढ्या भावाने विकत असे. या व्यवहाराला त्याने ‘ऑनेस्ट ग्राफ्ट’, म्हणजे प्रामाणिक भ्रष्टाचार, असे नाव दिले होते. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या भाषणांत ‘मला संधी दिसल्या आणि मी त्या घेतल्या’ हे वाक्य अशुद्ध व्याकरणासह छापले आहे, आणि ते तसेच अजरामर झाले आहे. शब्द पाहिले तर कर्तबगार माणसाची फुशारकी वाटते. आपल्याला त्यात कबुलीजबाब ऐकू येतो.

अलीकडचे उदाहरण नोव्हेंबर २००८ चे आहे. आर्थिक अरिष्ट ऐन भरात असताना ओबामांचे नियोजित चीफ ऑफ स्टाफ राम इमॅन्युएल यांनी, गंभीर संकट कधी वाया जाऊ देऊ नये, अशा अर्थाचे विधान केले. एरवी करता आली नसती अशी कामे करण्याची ती संधी असते, असे स्पष्टीकरणही त्यांनी लगेच दिले होते. विरोधकांनी मात्र ते वाक्य संधिसाधूपणाचा पुरावा म्हणून पुढे वर्षानुवर्षे उद्धृत केले. (हे वाक्य चर्चिलच्या नावावर खपवण्याची प्रथा आहे, तसा पुरावा नाही. ‘दर मिनिटाला एक मूर्ख जन्माला येतो’ हे सर्कसवाल्या बार्नमच्या नावावर खपते, त्यातलाच हा प्रकार.)

तेव्हा अर्थछटा यांनी प्रथम हे सांगावे, की त्यांच्या निबंधाचा निवेदक कोण आहे?

प्रश्नकर्तीचे उत्तर: अर्थछटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तळटीप यांचा प्रश्न वर्मी लागणारा आहे, कारण निवेदक हा त्या व्यापाऱ्याचा तोच भागीदार आहे, ज्याला मांजराचा पंजा बनवले गेले. सुरुवातीच्या भागात तो व्यापाऱ्याविषयी आदराने लिहितो आणि त्याला वाटणारा कडवटपणा फार उशिरा उघड होतो. शेवटच्या परिच्छेदात त्याने ‘आय हॅड बीन सोल्ड डाउन द रिव्हर’ असेही म्हटले आहे. हे चौथे वाक्यही आता चर्चेला घ्यावे, ही विनंती.

प्रतिसाद: मुद्रितशोधक

तळटीप यांचा आक्षेप मला मान्य आहे; खेळातील उदाहरण माझ्या नियमाला बाहेरचे ठरते.

निवेदक भागीदार असेल, तर पहिल्या वाक्यात निंदेचा लवलेशही येता कामा नये. ‘पोळी भाजून घेतली’ असे लिहिले तर वाचकाला शेवट पहिल्याच पानावर कळेल. ‘त्याने वेळ न दवडता घाव घातला’ एवढे पुरे आहे. लोखंड सांगितले नाही तरी घावातून ते दिसते. दुसऱ्या वाक्यातील गढूळ पाणी ठेवावे. मराठी वृत्तपत्रांमुळे ते आता परके वाटत नाही, आणि निवेदकाच्या मनात पाल चुकचुकल्याचे त्यातून नेमके व्यक्त होते.

तिसऱ्या वाक्यात ‘मांजराचा पंजा’ शब्दशः ठेवू नये, कारण गोष्ट ठाऊक नसलेल्या वाचकाला पंजा म्हटल्यावर ओरखडणारे मांजर आठवेल, म्हणजे आक्रमक आणि बळी यांची अदलाबदल होईल. ‘माझ्या खांद्यावर बंदूक ठेवली’ हे रूढ आहे, पण त्यात एक उणीव आहे. ज्याच्या खांद्यावर बंदूक असते त्याच्यावर आळ येतो. ज्याचा पंजा निखाऱ्यांत जातो तो स्वतः भाजतो आणि शिवाय उपाशी राहतो. भागीदाराचे नेमके काय झाले आहे? त्याच्यावर केवळ दोष आला असेल तर बंदूक चालेल. त्याचे पैसेही बुडाले असतील, तर ‘निखाऱ्यांत हात माझा आणि घास त्याचा, असा तो व्यवहार होता’ यासारखे काही घडवावे लागेल.

येथे एक इशारा देऊन ठेवतो. स्टालिनच्या १० मार्च १९३९ च्या भाषणाला इंग्रजी जगात ‘चेस्टनटांचे भाषण’ म्हणतात, पण मूळ रशियन वाक्यात चेस्टनट नाहीत. तेथे ‘परक्या हातांनी निखारे ओढणे’ असा रूढ रशियन वाक्प्रचार आहे. अनुवादकाने आपल्या वाचकाला ओळखीचे वाटणारे फळ त्यात टाकले आणि भाषणाला त्याच फळाचे नाव पडले. चूक म्हणता येणार नाही, अर्थ बरोबर पोहोचला; तरीही अनुवादकाच्या निवडीला केवढे आयुष्य लाभू शकते ते यात दिसते.

प्रतिसाद: कोशकीटक

चौथ्या वाक्यावर लिहितो. ‘सोल्ड डाउन द रिव्हर’ यातील नदी मिसिसिपी आहे. अमेरिकेत १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी आली आणि देशांतर्गत व्यापार वाढला. केंटकी आणि मिसुरीसारख्या वरच्या राज्यांतील गुलामांना नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या कापसाच्या आणि उसाच्या मळ्यांवर विकले जाई. तेथील काम अधिक जीवघेणे होते, आणि विकला गेलेला माणूस आपल्या मुलाबाळांना बहुधा पुन्हा पाहत नसे. विक्रीची धमकी हेच मालकाच्या हातातील शस्त्र होते. आज हा वाक्प्रचार कार्यालयीन कुरबुरींसाठीही सर्रास वापरला जातो, आणि काही इंग्रजी संपादक त्यामुळेच तो टाळतात. ‘जिप’ हे फसवण्याच्या अर्थाचे क्रियापद तर रोमानी समाजाला मिळालेल्या ‘जिप्सी’ या नावावरून आलेले मानले जाते आणि अपमानास्पद समजले जाते. ते आपल्या निबंधात आले असेल तर अनुवादात त्याचा समाजवाचक अंश उतरवण्याचे कारण नाही.

‘कोटटेल्स’विषयीही प्रश्नात उल्लेख होता, म्हणून थोडक्यात सांगतो: लिंकनने २७ जुलै १८४८ रोजी प्रतिनिधिगृहात केलेल्या भाषणात, आपला पक्ष अध्यक्षपदाचे उमेदवार जनरल टेलर यांच्या कोटाच्या शेपटाखाली दडला आहे हा आरोप विरोधकांवर उलटवला होता, आणि ते विरोधक स्वतः माजी अध्यक्ष जनरल जॅक्सन यांच्या कोटाखाली किती वर्षे राहिले याची आठवण करून दिली होती. दुसऱ्याच्या पुण्याईवर निवडून येणे हा अर्थ त्यात आहे. ‘आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे’ त्याला बऱ्यापैकी जवळ जाते.

भागीदाराच्या तोंडी मात्र ‘मला वाऱ्यावर सोडले’ असे घालू नये. ते केवळ सोडून जाणे झाले. नदीच्या वाक्प्रचारात सोडणाऱ्याच्या हातात पैसेही पडलेले असतात. ‘त्याने मला परस्पर विकून टाकले’ असे लिहावे. ‘परस्पर’ या शब्दात ज्याची विक्री झाली त्याला कोणी विचारलेच नाही, हेही आपोआप येते. निबंधातील काळ गुलामगिरीच्या जवळचा असेल किंवा निवेदक कृष्णवर्णीय असेल, तर एवढ्याने भागणार नाही आणि नदी मजकुरातच आणावी लागेल. तसे आहे का, ते कळवावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर: अर्थछटा

निबंध विसाव्या शतकातील आहे आणि निवेदक लंडनचा गोरा कापडव्यापारी आहे, त्यामुळे ‘परस्पर विकून टाकले’ हेच ठेवते. भागीदारीत त्याचे भांडवलही बुडाले आहे, म्हणून तिसऱ्या वाक्यात बंदूक न घेता निखारे घेते. पुढच्याच ओळीत लेखकाने ‘बर्न्ट फिंगर्स’ लिहिले आहे, तेव्हा भाजलेली बोटे तेथे जागेवर बसतील.